भाराचा हिशेब : क्रीडा-दुखापतींच्या प्रतिबंधावरील ग्रंथाची प्रस्तावना

मराठीतील व्यायामविषयक वाङ्मयाची परंपरा दुबळी नाही. बडोद्याच्या दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी १९३६ ते १९४९ या काळात दहा खंडांत सिद्ध केलेला ‘व्यायामज्ञानकोश’ ज्या भाषेत आहे, त्या भाषेला शरीरसाधनेविषयी अनास्था होती असे कोणीही म्हणू शकणार नाही. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्कारांचा प्रसार राज्यकारभाराइतक्याच आस्थेने केला, आणि स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून योगाभ्यासाला प्रयोगशाळेची कसोटी लावली. परंतु या सर्व उद्योगाचा रोख मुख्यतः बल कसे मिळवावे या प्रश्नावर होता. ते बल मिळवू पाहणारे शरीर वाटेतच मोडू नये म्हणून काय करावे, हा दुसरा प्रश्न आला तरी बहुधा उपचाराच्या अंगाने आला. मुरगळलेल्या घोट्याला आंबेहळद लावावी, उसण भरलेल्या पाठीला विटेचा शेक द्यावा, निखळलेला खांदा हाडवैद्याकडून बसवून घ्यावा, हे ज्ञान आपल्याकडे घरोघरी आहे. घोटा मुरगळण्याच्या आधीच्या दोन महिन्यांत काय घडले होते, याची विचारपूस मात्र क्वचितच कोणी करतो.

या उणिवेच्या मुळाशी दोन समजुती आहेत. दुखापत हा दैवाचा भाग आहे, ही पहिली. आणि दुखणे निमूटपणे सोसणे हेच खेळाडूपण आहे, ही दुसरी. पहिलीमुळे शिकवणारा जबाबदारीतून मोकळा होतो आणि दुसरीमुळे शिकणाऱ्याचा तक्रारीचा हक्क जातो, आणि या दोहोंच्या संगनमताने असे घडते की ज्या दिवशी दुखणे सांगून उपयोग झाला असता त्या दिवशी ते कोणी सांगत नाही, व ज्या दिवशी ते लपवणे अशक्य होते त्या दिवशी सांगून फारसे काही साधत नाही. दैवाला खेळात मुळीच वाव नाही असे माझे म्हणणे नाही. बीड जिल्ह्यातील मांडव्याचा अविनाश साबळे, ज्याने २०२४ साली पॅरिसमध्ये ३००० मीटर स्टीपलचेस ८ मिनिटे ९.९१ सेकंदांत पूर्ण करून राष्ट्रीय विक्रम केला, तो २०२५ च्या जुलैत मोनॅकोच्या शर्यतीत पाण्याच्या अडथळ्यावर पडला आणि त्याच्या गुडघ्याचा अस्थिबंध फाटला. अशा अपघाताला कोणतेही शास्त्र संपूर्ण आळा घालू शकत नाही. परंतु मैदानावर, तालमीत आणि रस्त्यावर रोज घडणाऱ्या दुखापतींचा मोठा भाग या जातीचा नसतो. तो हळूहळू साचतो, आणि जे साचते ते वेळीच दिसू शकते. हेल्सिंकीस १९५२ साली कांस्यपदक मिळवणाऱ्या खाशाबा जाधवांना गुडघ्याच्या दुखापतीमुळे १९५६ चे मेलबर्न गाठता आले नाही. सचिन तेंडुलकरच्या कोपराने २००४-०५ मध्ये ‘टेनिस एल्बो’ हा शब्द मराठी स्वयंपाकघरापर्यंत पोहोचवला. या मोठ्यांच्या दुखापतींची निदान नोंद तरी झाली. ज्यांची नोंद कोणत्याच दप्तरात नाही, अशांसाठी हा ग्रंथ प्रामुख्याने लिहिला आहे.

ती माणसे कोण, हे पाहायला लांब जावे लागत नाही. उत्तर नागपुरातील जरीपटका ही वस्ती, जिथे या ग्रंथाची जुळवाजुळव झाली, फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासित कुटुंबांनी उभी केली. तिच्या बाजारपेठेला जाग येण्यापूर्वी दयानंद पार्कात वडीलधारी मंडळी फिरायला येतात, मानकापूरच्या विभागीय क्रीडा संकुलाकडे मुले निघतात, आणि या सर्वांच्याही आधी, अंधार असतानाच, सिमेंटच्या रस्त्यांवर भरतीचे उमेदवार धावू लागतात. पोलीस शिपाई भरतीची शारीरिक चाचणी ५० गुणांची असते. मुलांना १६०० मीटर धावण्याचे २०, १०० मीटरचे १५ आणि गोळाफेकीचे १५ गुण, तर मुलींना १६०० ऐवजी ८०० मीटर. या २० गुणांवर एकेका घराची उमेद टांगलेली असते. भरतीची जाहिरात निघाली की दुसऱ्या दिवसापासून पूर्ण अंतर, पूर्ण वेगाने, मोबाइलवर वेळ लावून धावणे सुरू होते. पायांत थोरल्या भावाचे टाचेकडून झिजलेले बूट असतात, आणि विश्रांतीचा दिवस घ्यावा तर बरोबरचा मुलगा थांबत नाही, मग आपण कसे थांबावे? पंधरा-वीस दिवसांत दम वाढतो, वेळ उतरते, उत्साह दुणावतो. आणि नेमक्या याच सुमारास नडगीच्या आतल्या कडेला, घोट्यापासून काही बोटे वर, ठणका लागतो. पहिल्यांदा तो धावून झाल्यावर येतो, मग धावायला सुरुवात करताना, आणि शेवटी जिना उतरतानाही. मुले त्याला ‘शिन पेन’ म्हणतात, मलम चोळतात, क्रेप बँडेज गुंडाळतात, वेदनाशामक गोळी घेऊन पुन्हा धावतात. दाबल्यावर दुखणारी जागा जोवर नडगीच्या कडेवर वीतभर पसरलेली आहे तोवर बहुधा हाडालगतच्या ऊतींचा क्षोभ असतो आणि भार कमी केल्याने तो शमतो. तीच जागा आकसून रुपयाच्या नाण्याएवढी झाली आणि रात्री अंथरुणातही ठसठसू लागली, तर हाडाला बारीक तडा गेल्याची शंका घेऊन धावणे त्याच दिवशी बंद करावे आणि डॉक्टरांना दाखवावे.

हे असे का घडते, हे समजले की या संपूर्ण शास्त्राची किल्ली हाती येते. शरीराची निरनिराळी अंगे निरनिराळ्या गतीने तयार होतात. हृदय आणि श्वास काही आठवड्यांत सुधारतात. स्नायूंना त्याहून अधिक अवधी लागतो. स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या कंडरा आणि स्वतः हाड यांना महिने लागतात. हाड हे जिवंत द्रव्य आहे, आणि भार वाढला की ते स्वतःची पुनर्रचना करते, हे बर्लिनच्या यूलियस वोल्फ या शल्यवैद्याने १८९२ सालीच मांडले होते. परंतु या पुनर्रचनेत जुने द्रव्य पोखरून काढण्याचे काम आधी होते व नवे भरण्याचे मागाहून. काढण्यास साधारण तीन आठवडे पुरतात, भरण्यास सुमारे तीन महिने लागतात. म्हणजे उमेदवाराला आपण भक्कम झालो असे ज्या आठवड्यात वाटते, त्याच आठवड्यात त्याची नडगी पूर्वीपेक्षा नाजूक असण्याचा संभव असतो. प्रशियन लष्करातील ब्राइटहाउप्ट या वैद्याने १८५५ साली लांब कूच करणाऱ्या शिपायांच्या सुजलेल्या पावलांचे वर्णन करून ठेवले. क्ष-किरणांचा शोध लागल्यावर त्या सुजेमागे हाडाचा तडा असतो हे सिद्ध झाले. जरीपटक्याच्या रस्त्यावरचा मुलगा आणि तो प्रशियन शिपाई एकाच कारणाने लंगडतात. दोघांच्याही पायांवर सरकारी चाकरीच्या मुदतीने भार टाकलेला असतो.

भाराला मर्यादा असावी, हा विचार आपल्याकडे नवा नाही. सुश्रुताने चिकित्सास्थानात व्यायाम ‘बलार्धा’पर्यंत, म्हणजे अंगातील शक्तीच्या निम्म्यापर्यंत करावा असे सांगून ती मर्यादा ओळखण्याची लक्षणे दिली आहेत, आणि वाग्भटाने त्यात ऋतूची अट घातली, की अर्ध्या शक्तीचा व्यायामही बलवान माणसाने थंडीत व वसंतात करावा, अन्य ऋतूंत त्याहून कमी. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या पुढे गेला असता नागपुरात जी उन्हाळी शिबिरे भरतात, त्यांच्या चालकांनी हे एवढे जरी मनावर घेतले तरी पुष्कळ अनर्थ टळतील. पश्चिमेकडे, दुसऱ्या शतकात, पेर्गामोनच्या ग्लॅडिएटरांचा वैद्य असलेल्या गॅलेनला जखमा बांधता बांधता आहार व तयारी यांचे महत्त्व कळले होते. मात्र प्राचीनांचे हे निर्देश म्हणजे आजचे शास्त्र होय, असा दावा करण्याचा मोह टाळला पाहिजे. ते सूक्ष्म अवलोकनाचे फळ आहे. त्यांची चाचणी घेण्याचे साधन त्या काळी नव्हते.

आपल्या तालमींनी या विचाराला व्यवहाराचे रूप दिले. जुन्या शिरस्त्याप्रमाणे नव्या पोराला आल्या दिवशी कुस्ती मिळत नसे. त्याने आधी हौद्यातली लाल माती फावड्याने उकरावी, तीत तेल, ताक, हळद मिसळताना हात द्यावा, जोर-बैठकांची संख्या थोडीथोडी चढवावी, आणि वस्तादाने त्याच्या मानेवरून, खांद्यावरून हात फिरवून अंग धरले आहे की नाही ते पाहावे, तेव्हा कुठे जोडीला जोड मिळे. माती उकरणे हे शिक्षेचे काम वाटते खरे, परंतु पाठ, खुबा, मनगटे आणि पकड यांना इतका सर्वांगीण व क्रमवार भार देणारा दुसरा व्यायाम सुचवणे आधुनिक प्रशिक्षकालाही सोपे जाणार नाही. शिवाय त्याच मातीवर पुढे पडायचे असल्यामुळे ती मऊ ठेवण्यात प्रत्येकाचा स्वार्थ असे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळी बाळंभट्टदादा देवधरांनी मल्लखांबाला जी शिस्त लावली, तिच्यातही सोप्याकडून अवघडाकडे जाणारी पायऱ्यांची मांडणी आहे. बडोद्याचे प्रो. माणिकराव, ज्यांच्या जुम्मादादा व्यायाम मंदिरात कुवलयानंदांनी तरुणपणी धडे घेतले, ते व्यायामाचे आचार्य होते तसेच हाडे बसवण्यातही निष्णात होते. घडवणारा आणि दुरुस्त करणारा एकाच व्यक्तीत एकत्र असण्याचा तो काळ पुढे उरला नाही, याचे मला वाईट वाटते. कारण ज्याला मोडलेले हाड स्वतःच्या हातांनी बसवावे लागते तो ते मोडू नये याची काळजी आपोआप घेतो. अमरावतीस वैद्य बंधूंनी १९१४ साली स्थापलेल्या आणि १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवून आलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने ही परंपरा विदर्भात शिक्षणसंस्थेच्या रूपाने टिकवली.

तालमीचा गौरव करताना तिचे दोष झाकणे हा त्या परंपरेचाच अपमान होईल. बैठका हजारांनी मोजण्याची हौस, दुखणे सांगणाऱ्याला भेकड ठरवण्याची रीत, आणि मुलींना उंबऱ्याबाहेर ठेवण्याचा दंडक, या तिन्ही गोष्टी तिथल्याच आहेत. दुसरीकडून आली ती शाळांतली कवायत. स्वीडनच्या लिंगने एकोणिसाव्या शतकात घालून दिलेल्या पद्धतीचे इंग्रजी अंमलातून पाझरलेले हे रूप; हुकमाबरोबर सर्वांनी एकच हालचाल एकाच मापाने करावी, हा तिचा आग्रह. तिने शिस्त दिली. पण प्रत्येक शरीराचा पल्ला वेगळा असतो हे तिच्या जाबत्यात बसत नव्हते. आजही खेळाच्या तासाला पी.टी.चे सर जेव्हा साठ मुलांना उभे राहून पायाचे अंगठे धरायला लावतात, तेव्हा ती कवायतच बोलत असते.

दुखापतींचा स्वतंत्र शास्त्र म्हणून विचार विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू झाला. त्याला चौकट दिली ती नेदरलँड्सच्या विलेम व्हान मेखेलेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली. दुखापती किती व कोणत्या होतात ते आधी मोजा, मग त्यांची कारणे व घडण शोधा, मग उपाय योजा, आणि शेवटी पुन्हा मोजून उपाय लागू पडला की नाही ते ठरवा, असा हा चार टप्प्यांचा क्रम. वाचताना तो इतका साधा वाटतो की यात नवीन ते काय, असे कोणासही वाटावे. परंतु आपल्या किती शाळांत, किती अकादमींत पहिलाच टप्पा पार पडला आहे, असा प्रश्न स्वतःला विचारून पाहावा. हजेरीपट सगळीकडे असतो. दुखापतीची वही मी तरी क्वचितच पाहिली आहे.

या चौकटीत पुढे जे संप्रदाय निर्माण झाले, त्यांपैकी पहिला हालचालींच्या शुद्धतेचा. प्राग येथील व्लादिमीर यांदा यांनी स्नायूंच्या असमतोलाचा सिद्धांत मांडला. अमेरिकेत ग्रे कुक आणि ली बर्टन यांनी १९९० च्या दशकात सात हालचालींची, २१ गुणांची चाचणी तयार केली. आणि आपल्या पुण्यात बी. के. एस. अय्यंगारांनी आसनातील सांध्यांच्या मांडणीला जे सूक्ष्म महत्त्व दिले, तेही दुरून याच कुळातले म्हणता येईल. या संप्रदायाचे म्हणणे असे की चुकीची हालचाल आधी हेरावी, सुधारावी, म्हणजे दुखापत टळेल. म्हणणे आकर्षक आहे; पण दोन बाजूंनी त्याला धक्का बसला. १९२० च्या दशकात मॉस्कोतील निकोलाय बर्नस्टाइन याने घण मारणाऱ्या कुशल कामगारांच्या हालचालींचे चित्रण केले, तेव्हा घण दरवेळी नेमक्या ठिकाणी पडत असला तरी खांदा, कोपर व मनगट यांचे मार्ग दर घावाला थोडे निराळे असतात असे आढळले. म्हणजे कौशल्य एका साच्यात नसून बदलत्या परिस्थितीत तेच फळ मिळवण्यात असते. आणि २०१६ साली ऑस्लोच्या रोअल्ड बार यांनी दाखवून दिले की अशा चाचण्यांतील गुणांवरून अमुक खेळाडू जायबंदी होईल व तमुक होणार नाही, असे भाकीत करता येत नाही. दोन्ही गटांचे गुण एकमेकांत फार मिसळलेले असतात. तेव्हा चाचणीत गुण कमी पडले म्हणून एखाद्या मुलीला संघाबाहेर बसवणे अन्यायाचे आहे.

तथापि हालचालींचे शिक्षण निरुपयोगी ठरत नाही. केवळ त्याचा उपयोग वेगळ्या ठिकाणी आहे. कबड्डीत चढाईला गेलेला गडी बोनस रेषेजवळून एकाएकी वळतो, किंवा खो-खोत पळणारी मुलगी पाटीवरच्या दोघींमधून झुकांडी देते, तेव्हा पाऊल जमिनीत रोवलेले, गुडघा जवळजवळ ताठ, आणि वरचे धड भलत्या दिशेला फिरलेले असले, तर गुडघा आत कोसळतो व त्याच्या मधोमध असलेला अस्थिबंध पाऊल टेकल्यानंतर सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत तुटू शकतो. एवढ्या अवधीत विचार करून पाय सावरणे कोणासही शक्य नाही. सावरण्याची सवय आधीच अंगवळणी पडलेली असली पाहिजे. म्हणून उडी मारून दोन्ही पायांवर हलकेच, गुडघे वाकवून, पावलांच्या रेषेत ठेवून उतरणे, मग एका पायावर उतरणे, मग कोणी खांद्याला धक्का दिला असता उतरणे, असा क्रम लहानपणापासून शिकवायचा. शाळेतल्या एका बाकावरून हे सर्व शिकवता येते.

दुसरा संप्रदाय बलवर्धनाचा, आणि पुराव्याच्या दृष्टीने तो आज सर्वांत भक्कम आहे. खेळण्यापूर्वी स्नायू ताणले म्हणजे दुखापत टळते हा समज सार्वत्रिक. परंतु ऑस्ट्रेलियन लष्करातील १५३८ नवशिक्या सैनिकांवर झालेल्या आणि २००० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशा ताणण्याचा म्हणण्यासारखा लाभ दिसला नाही. २०१४ साली लाउरसेन प्रभृतींनी २५ चाचण्यांतील २६,६१० खेळाडूंची माहिती एकत्र केली, तीतही ताणण्याच्या व्यायामाने दुखापती घटल्या नाहीत, बलवर्धनाने मात्र त्या एक तृतीयांशाहूनही कमी राहिल्या. मांडीमागच्या स्नायूसाठीचा ‘नॉर्डिक’ व्यायाम पाहा: गुडघ्यांवर बसायचे, जोडीदाराने घोटे दाबून धरायचे, आणि धड ताठ ठेवून शक्य तितक्या सावकाश पुढे झुकत जमिनीवर हात टेकायचे. डेन्मार्कच्या ५० फुटबॉल संघांत तो करून पाहिला, तेव्हा व्यायाम करणाऱ्या संघांत मांडीमागच्या दुखापती १५, न करणाऱ्यांत ५२ झाल्या. याच धर्तीवर ‘फिफा ११+’ हा वीस मिनिटांचा कार्यक्रम तयार झाला. नॉर्वेतील १३ ते १७ वर्षांच्या १८९२ मुलींवरील २००८ च्या चाचणीत एकूण दुखापती सुमारे एक तृतीयांशाने घटल्या आणि गंभीर दुखापती जवळजवळ निम्म्यावर आल्या. त्याला चटई, जोडीदार आणि सातत्य याखेरीज काही लागत नाही. ज्या नागपुरात विजय बारसे यांनी २००१ साली झोपडपट्टीतल्या मुलांना चेंडू देऊन ‘स्लम सॉकर’ची मुहूर्तमेढ रोवली, आणि ज्या कामठीत फुटबॉल पिढ्यान्‌पिढ्या खेळला जातो, तिथे हा कार्यक्रम प्रत्येक मैदानावर रूढ होण्यास पैशाची अडचण सांगता येणार नाही.

तिसरा संप्रदाय भाराच्या नियोजनाचा. टिम गॅबेट यांनी २०१६ साली एक विरोधाभास पुढे ठेवला: कठोर सराव दुखापतींना आमंत्रण देतो तसाच तो त्यांपासून संरक्षणही देतो, घातक ठरते ती एकाएकी झालेली वाढ. चालू आठवड्याच्या भाराचे मागील चार आठवड्यांच्या सरासरीशी गुणोत्तर काढण्याची त्यांची रीत जगभर पसरली. पुढे गणितज्ञांनी त्या गुणोत्तरातील दोष दाखवले, आणि आज त्या आकड्यावर कोणी डोळे मिटून विसंबू नये; परंतु मूळ इशारा अबाधित राहिला. माझे स्वतःचे मत या तिसऱ्या संप्रदायाकडे झुकते, आणि त्याचे कारण नैतिक आहे. हालचाल चुकली असे म्हटले की दोष खेळाडूच्या शरीरावर जातो. भार चुकला असे म्हटले की प्रश्न भार ठरवणाऱ्याला, म्हणजे शिक्षकाला, अकादमीला, स्पर्धांच्या वेळापत्रकाला आणि भरतीच्या मुदतीला विचारावा लागतो. तो प्रश्न आपण आजवर पुरेशा जोराने विचारलेला नाही.

विदर्भाचे वेळापत्रकच पाहा. उन्हामुळे आपल्या शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. जुलैत काळी माती चिकट होऊन मैदाने खेळण्याजोगी राहत नाहीत. पुढे थोड्याच आठवड्यांत तालुका पातळीच्या शालेय स्पर्धा उभ्या ठाकतात, आणि जिंकलेल्या मुलाला तिथून जिल्हा, विभाग, राज्य अशी चढण चढावी लागते. उन्हाळाभर विसावलेल्या अंगावर इतका भार इतक्या थोड्या अवधीत पडतो, आणि त्यावर दहावी-बारावीच्या सवलतीच्या क्रीडागुणांची ओढ असते, म्हणून पालकही थांबवत नाहीत. दुसरीकडे, २०१४ साली प्रो कबड्डी सुरू झाल्यापासून गावोगावची मुले मातीवर शिकून मॅटवर खेळू लागली आहेत. मॅटवर पाऊल अधिक घट्ट रुतते, वेग वाढतो, आणि वळणाचा सगळा जोर गुडघ्यावर येतो. क्रिकेटमध्ये विदर्भाने २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ साली रणजी करंडक जिंकल्यापासून दहा-बारा वर्षांच्या मुलाला वेगवान गोलंदाज करण्याची घाई झालेले पालक वाढले आहेत. त्यांनी एवढेच ध्यानात घ्यावे की खापरखेड्याजवळच्या वलनीच्या कोळसा खाणकामगाराचा मुलगा, विदर्भाचा पहिला कसोटीपटू उमेश यादव, विशीच्या उंबरठ्यापर्यंत टेनिसच्या चेंडूनेच खेळत होता आणि पुढे ५७ कसोटी सामने खेळला. एका उदाहरणाने सिद्धांत होत नाही. पण वाढत्या वयातील कमरेच्या मणक्यांवर चामडी चेंडूच्या अखंड षटकांचा भार टाकण्यात कसलीही निकड नाही, एवढे त्यावरून निश्चित समजते.

मुलींच्या बाबतीत उपेक्षा दुहेरी आहे. गुडघ्याच्या त्या मधल्या अस्थिबंधाची इजा वळणा-उडीच्या खेळांत मुलींना मुलांपेक्षा कित्येक पटींनी अधिक होते, आणि उतरण्या-वळण्याच्या शिक्षणाने ती कमी होते, हे १९९० च्या दशकापासून ठाऊक आहे. तरीही वयात येताना, जेव्हा उंची भरभर वाढते व बल मागे राहते, नेमक्या त्याच वर्षांत मुलींना बलवर्धनापासून दूर ठेवले जाते. त्यात पुरेसे न खाता सराव करणे ही गोष्ट आपल्या घरांत सर्रास चालते. पहाटे उपाशी पोटी धावून, डबा न खाता शाळा करून, संध्याकाळी पुन्हा मैदानावर आलेल्या मुलीची पाळी चुकू लागली तर ते हाडांवर येऊ घातलेल्या संकटाचे लक्षण आहे. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ साली या ऊर्जेच्या तुटीला स्वतंत्र नाव देऊन तिची दखल घेतली. आपल्याकडे हा विषय काढायला अजून संकोच वाटतो, आणि खेळाच्या शिक्षिका थोड्या असल्यामुळे तो काढणारेही कोणी नसते. या ग्रंथात तो आडपडदा न ठेवता काढला आहे, आणि पुरुष शिक्षकांनीही ते पान वाचावे अशी विनंती आहे.

ग्रंथाचा हेतू आता थोडक्यात सांगता येईल. हे उपचाराचे पुस्तक नाही. हाड मोडल्यावर, सांधा सुजल्यावर किंवा पाय बधिर झाल्यावर ते उघडून बसू नये, डॉक्टरांकडे जावे. शिक्षक, वस्ताद, प्रशिक्षक, भरतीचा उमेदवार आणि चाळिशीनंतर मॅरेथॉनचा ध्यास घेतलेला गृहस्थ, या सर्वांना आपल्या सरावाची आखणी स्वतः तपासता यावी, एवढी त्याची झेप आहे. म्हणून कुठल्याही एका संप्रदायाची दीक्षा न घेता लेखकांनी प्रत्येक खेळाच्या बाबतीत तीनच गोष्टींची तजवीज केली आहे: कोणते अंग किती अवधीत तयार होते, त्याला तयार करण्यास काय करावे, आणि ते मागे पडत असल्याचे कोणत्या खुणांवरून ओळखावे. पुरावा जिथे पक्का आहे तिथे तसे म्हटले आहे, जिथे केवळ अनुभवाचा आधार आहे तिथे तेही उघड सांगितले आहे. देशी खेळांवर मोठ्या चाचण्या थोड्या असल्यामुळे कबड्डी, खो-खो व मल्लखांब यांविषयीच्या शिफारशी पुष्कळशा दुसऱ्या खेळांवरून अनुमानाने काढल्या आहेत. ही उणीव विद्यापीठांनी व शारीरिक शिक्षण महाविद्यालयांनी भरून काढावी.

ग्रंथाच्या अखेरीस वहीचा एक नमुना जोडला आहे. त्यात दर दिवसासाठी एकच ओळ आहे: किती वेळ सराव केला, तो दहापैकी किती अंशी जड वाटला, झोप किती झाली, आणि कुठे दुखते का. पहिल्या दोन आकड्यांचा गुणाकार म्हणजे त्या दिवसाचा भार. सात दिवसांची बेरीज म्हणजे आठवड्याचा. शेवटचा रकाना मुद्दाम रुंद ठेवला आहे, आणि तो भरल्याबद्दल कोणालाही संघातून काढू नये, अशी सूचना त्याच्या माथ्यावरच छापली आहे, कारण ज्या दिवशी खरे सांगणाऱ्याची गैरसोय होईल त्या दिवसापासून तो रकाना कोराच राहील. हा नमुना कोणत्याही शाळेने, तालमीने वा अकादमीने छापून घ्यावा; त्यासाठी परवानगी मागण्याचे कारण नाही. भरतीच्या मुलांनी जाहिरातीची वाट न पाहता पावसाळा सरताच, आठवड्यातून तीन दिवस, चालणे व धावणे आलटून-पालटून ठेवून, सिमेंटपेक्षा मातीची कडा निवडून सुरुवात करावी, आणि वहीची पहिली ओळ त्याच दिवशी लिहावी.

जरीपटका, नागपूर